नव्या तांदळाची तारीख

प्रिय हिरी,

हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. रविना भरभर वाचते. तू ओळीखाली बोट ठेवून, मी शिकवलं तसं, सावकाश वाच. इथलं काम बघणारा माझा जुना विद्यार्थी प्रविण आज तलासरीला येतोय, त्याच्या हाती देतोय. इथे बोलायला बंदी, तशी लिहायलाही. या वयात चोरून लिहितोय.

झाईच्या या चिकूवाडीतल्या मौन शिबिरात आज माझा चौथा दिवस. पहाटे घंटा होते आणि सगळ्यांनी डोळे मिटून श्वासाकडे बघायचं. माझा श्वास एका जागी ठरत नाही. डोंगर चढून आपल्या पाड्यावर जातो. मी मांडी बदलतो, पायाला मुंग्या येतात, एक डोळा उघडून बघतो तर मुंबईची माणसं दगडासारखी बसलेली. परवा नकळत चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता चालीवर गुणगुणलो. शिबिराच्या संगितामॅडमनी हातात चिठ्ठी ठेवली, 'कृपया मौन पाळा.' चौतीस वर्षं मी पोरांना गप्प बसवलं, ते असं फिटलं.

पहिल्या दिवशी, मौन सुरू व्हायच्या आधी, स्वयंपाकघरातली बुधी म्हणाली, "काय गुरुजी, बायकोशी भांडून आला? इथं लोक पैसं भरून गप्प बसतात. माझ्या घरी या, सासू फुकटात बसवंल." मी हसलो. मग निघताना तू जे बोललीस ते आठवलं, "गप्पच बसायचं तर घरात बस ना. कोण बोलतंय तुझ्याशी?" खरंच आहे. वैशाखात हायवेवरच्या अपघातात आपला पोरगा गेला, त्यानंतर आपल्या घरात कोण कुणाशी बोललंय?

काल दुपारी ताटात भात आला. वासानेच कळलं, नवा आहे. हात मागे घेतला. पितरांना दिल्याशिवाय नवा तांदूळ मी कधी तोंडात घातलेला नाही, आणि आपल्या घरात तो द्यायचा मीच, थोरल्या पुरुषाने. मी येईपर्यंत तुम्हीही त्याला शिवणार नाही. भात झोडून कणगीत पडलाय आणि तुम्ही रेशनचा तांदूळ शिजवताय. रविनाची पोरं रोज विचारत असतील, आजा कधी येणार? मी ताट बाजूला सरकवलं. बुधीने ताट बघितलं, जुन्या नाचणीची भाकर आणून ठेवली. तिच्याही घरी अजून पितरांना द्यायचं असेल.

पानावर तांदूळ ठेवून नावं घ्यायची. आजा, आजी, बा, आई, काकड्याकाका. मला ती नेहमी शाळेच्या हजेरीसारखी वाटत आली, फक्त उत्तर येत नाही. यंदा एक नाव वाढलंय. तो माझ्याच वर्गात होता पहिलीला, आठवतं? सगळी पोरं 'हजर गुरुजी' म्हणायची, हा 'हजर बा' म्हणायचा, वर्ग खो खो हसायचा. मी रागवायचो, शाळेत मी तुझा बा नाही म्हणून. काय मिळवलं असं सांगून?

हिरी, मी तुला खोटं सांगितलं. शिबिराची हीच तारीख मिळाली असं नव्हतं. प्रविण म्हणाला होता, "गुरुजी, तुम्ही मला शिकवलंय, कधीही या, जागा तुमचीच." तारीख मी धरली, बरोबर भात घरात यायच्या आठवड्याची. वाटलं, मीच नसलो तर ते नाव घेणं टळेल. इथे सगळ्यांची तोंडं बंद झाली आणि मला दिवसभर तेवढं एकच ऐकू येतंय. मी सात दिवस पुरे करत नाही. उद्या सकाळच्या एसटीने निघतो. तू आणि रविना तांदूळ कांडून ठेवा. माझा आवाज फुटला नाही तर नाव तू घे. रीत मोडली म्हणतील, म्हणू देत. नऊ महिने तू पोटात वाढवलंस त्याला. तो गेल्यापासून मी हे नाव उच्चारलं नाही, लिहिलंही नाही. या पत्रातसुद्धा 'पोरगा' म्हटलं, 'तो' म्हटलं आणि पुढे पळालो. हात तरी धजतो का, एवढंच बघायला कागद घेतला होता. आता लिहितो.

नितीन.

उद्या दुपारी दारात येतोय,
तुझाच
लाहू