फुकटची शिकवणी

रविवार, दिवेलागण

माही नात प्रज्ञा पीएचडी करते. अर्धवेळ काम नाही भेटलं तं शिक्षण सोडूनच देते म्हणे. अन् धरलं काय, तं विहारात पोरांची शिकवणी, तेही फुकट. "फुकटच राबायचं तं घरची भांडी काय वाईट वं?" म्हटलं तिले.

आज केटलीभर चहा घेऊन पाह्यले गेली. पोरं खरंच येतात का? तं नातवाले न्याले आलेली नांदुऱ्याची हेडबाई दाराशी ऐकत उभी. म्हणे, "पोरी, आमच्या शाळेत अर्धा दिवस शिकवशील? पगार देऊ."

प्रज्ञा माह्याकडं पाहून राह्यली. "आजी, आता बोल."

"जाय," म्हटलं, "पण रविवार सोडू नको."

चहा काही पोरांले पुरला नाही. पुढल्या रविवारी मोठी केटली न्या लागन. फुकटच, अजून काय.