आईला लावलेलं विशेषण

नागपूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८०

दुपारी आई मिरच्या कुटत होती, मी फ्रेंचचा धडा पाठ करत होते. फ्रेंच लोक रोजच्या बोलण्यात माणसांना इंग्रजी विशेषणं लावतात, असं तिला सांगितलं. "मंग मले कोणतं लावशीन वं?" तिच्या प्रश्नांनी मी वैतागले होते. म्हटलं, "हॅज-बीन." म्हणजे जिचे दिवस संपले, जी आता कुणाच्या कामाची नाही. तिला अर्थ सांगितला, "मोठी बाई". घरात शिकलेली मी एकटी, मी सांगेन तोच अर्थ. का सांगितला तसा?

संध्याकाळी वर्गातली नलिनी वही न्यायला आली. ती आधी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी पक्कं. आई लाल झालेले हात पदराला पुसत पुढे आली. "माही पोरगी म्हणते, मी हॅज-बीन आहो!"

नलिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि गोड हसली. "अगदी बरोबर म्हणते, काकू."

उद्या सगळ्या वर्गाला कळेल, एवढीच मला भीती वाटली. आईचं काहीच कसं वाटलं नाही?

नलिनी गेल्यावर आईनं माझ्या गालाकडे हात आणला, मिरची झोंबेल म्हणून तसाच मागे घेतला. ते लाल हात. म्हणाली, "तू मले इतकं मानतं, मले माहीतच नव्हतं वं."

मी "हो" म्हटलं.