सोमीबायच्या जोत्याचं वय

८ जानेवारी
डोळखांबच्या पुढे सहावा दिवस. दगडाचे पाच नमुने, पाचही कुजके. वरून काळे कुळकुळीत, फोडले की आत तपकिरी. थीसिसच्या सरांना फोटो पाठवले. सरांचा फोन : "ताजा दगड आण. असल्यातून वय मोजायचा आरगॉन वायू कधीच उडून गेलेला असतो, वय कमीच येणार." माहीत आहे, सर. अकरावीला शिकवते तेच. ताजा दगड कुठल्या दुकानात मिळतो तेही सांगा.
लॅबची तारीख २०. चुकली तर पुढचा नंबर जूनमध्ये.
पाड्यावरच्या सोमीबाय रोज बांधावर बसून बघतात. आज विचारलं, "ताई, दगड फोडून काय गावतं?"
"त्याचं वय."
बराच वेळ हसत होत्या.

११ जानेवारी, रवि.
सुट्टीचा दिवस, तरी गेले. नमुना एक, बरा वाटतोय. बरा म्हणजे… बघू.
सोमीबाय प्लास्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आल्या. वनहक्काचा दावा फेटाळलाय. कारण : २००५ पूर्वीच्या कब्जाचा पुरावा नाही. वरच्या माळावर नाचणी करतात, सासऱ्यापासून. भाताची कापणी झाली की अख्खं घर वीटभट्टीवर (यंदा त्या तेवढ्या मागे राहिल्या), म्हणून कुठल्याच यादीत धड नाव नाही. पुरावा म्हणजे माळावरचं जुन्या घराचं जोतं, एवढंच.
"तुमी दगडाचं वय काढता ना? मंग माज्या जोत्याचं काढा."
सांगितलं, इथला सगळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे. थोडं इकडेतिकडे.
"येवढं नको गो. वीस-बावीस वरसं झाली तरी चालंल."


१२ जानेवारी
पुन्हा समजावलं. लाव्हा थिजला तेव्हा दगडातलं घड्याळ सुरू झालं. मग तो उचलून जोत्यात बसवा, चूल करा, डोक्यात घाला, घड्याळाला पत्ता नसतो.
"म्हंजे कोटी कळतात, वीस नाय कळत?"
हो. तसंच.
"मंग शिकल्या कशाला येवढ्या?"
चिडून निघाले. खर्डीपर्यंत रिक्षात तेच डोक्यात. त्यांचा राग नव्हता आलेला, आपल्या शास्त्राचा आला होता. मूर्खपणा.

१५ जानेवारी
नको नको म्हणत माळावर गेलेच.
जोतं गुडघाभर उंच. दगडांची एक ओळ शाबूत. आणि भिंतीच्या डोक्यावर सागाचं खोड, म्हणजे आता बुंधाच. वनखात्याने तोडलाय, हातोड्याचा शिक्का आणि नंबर आहे. मुळं दगडांच्या फटींतून खाली उतरलीत, दोन दगड तर मुठीत धरल्यासारखे.
तिथेच बसकण मारली. इतके दिवस खाली डाइकवर, थरांत घुसलेल्या लाव्हाच्या शिरेवर, काय लिहीत होते? शीर जुन्या थरांना फाडून वर आली, म्हणजे थर आधीचे, शीर नंतरची. इथे तेच. भिंत आधी, साग नंतर. दगडाला विचारायचंच नव्हतं. झाडाला विचारायचं. आणि साग दर वर्षी वलय धरतो!
पॉलिश पेपरने बुंधा घासला. सोमीबाय पाणी ओतत होत्या. भिंगातून मोजलं : ३३, ३१, ३२. मधे एक वलय खोटं असावं. ३१ धरते, कमीत कमी.
पण तोडला कधी? सोमीबाय : "नातीचं लगीन झालं ना, त्या साली."
साल कुठलं?
"ते तिला ठावं."

१९ जानेवारी
कॉलेजात अर्धी रजा टाकून दाव्यासाठी प्रांत ऑफिसात. क्लार्कने शांतपणे ऐकून घेतलं. मग : "मॅडम, वय झाडाचं निघालं. घराचं कुठंय?"
झाड भिंतीवर आहे. भिंत झाडाच्या आधीची.
"कशावरून? झाड आधी असंल, भिंत मागून घातली असंल."
झाडाखाली सरकवून?
"तसा रकानाच नाय आपल्या फॉर्मात."
तोडीचं साल हवं तर अर्ज करा, म्हणाला. केला. दोन प्रती.

२० जानेवारी
लॅबची तारीख गेली. एकच नमुना धड होता, किमान तीन लागतात. सर म्हणाले, "तू तिथे थीसिस करतेस की समाजसेवा?" 

२३ जानेवारी
वनरक्षकाने रजिस्टर दाखवलं, स्वतःहून. बरा माणूस. नंबर जुळला. तोडून चार वर्षं झाली. ३१ + ४. म्हणजे भिंत निदान पस्तीस वर्षांची.
रिपोर्ट लिहिला. प्रामाणिकपणे हेही लिहावं लागलं की जोतं कोणी बांधलं ते यावरून कळत नाही. हे वाक्य तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं.

२६ जानेवारी
ग्रामसभा. दावा इथूनच पुन्हा वर जायचा. रिपोर्ट वाचायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात "साडेसहा कोटी" आलं. सभा हसून लोळली. तो परिच्छेद घातला कशाला मी? सवय.
जोतं कोणाचं ते कळत नाही, या वाक्याला मागून एक म्हातारबाबा उठले. खालच्या गावातले भातशेतीवाले, धोतर, कानाला मफलर. "कळत नाय कसा? हिच्या सासऱ्यानं घातला. माजी बैलगाडी होती दगडाला."
मी जवळजवळ ओरडलेच. बाबा, मग इतके दिवस बोलला का नाहीत?
"कोनी इचारलाच नाय."
दोन आठवडे. भिंग, पॉलिश पेपर, रजिस्टर. आणि साक्षीदार पारावर विडी ओढत बसलेला. मीही नाही विचारलं. दगडांना विचारत फिरले.
जबाबावर सही द्या म्हटलं तर : "पोराला इचारून सांगतो."

२ फेब्रुवारी
पोराचं अजून ठरत नाही. त्यांचा बांध माळाला लागून आहे, माळावर त्याचाही डोळा. तीनदा गेले, तीनदा चहा.

६ फेब्रुवारी
म्हातारबाबांनी अंगठा दिला! मुलगा घरी नसताना. आता तो काय म्हणेल, देव जाणे.

१० फेब्रुवारी, मंगळ.
प्रांत ऑफिसात सोमीबायच्या दाव्याची सुनावणी. दहाची वेळ, सव्वादोनला आत बोलावलं. साहेब नवीन, कमी बोलणारे. रिपोर्ट वाचला, कोटीचा परिच्छेद सोडून (काढून टाकला होता). म्हाताऱ्यांचा जबाब वाचला. मग माझ्याकडे न बघता सोमीबायना विचारलं, "घर का सोडलं तिथलं?"
हे माझ्या रिपोर्टात नव्हतं.
"पोर गेली माजी तिथं. पान लागलं तिला, नागाचं. दारातच. मंग माज्या मालकानं घर उतरवलं. लाकडा, कौला समदा खाली आणला. जोता तेवढा ऱ्हायला. साग मागून उगवला."
"आणि जमीन?"
"जमीन कशी सोडू, सायेब? खायाचा काय?"
साहेबांनी पेन उचललं. चार-पाच ओळी लिहिल्या. फाईल बांधली. "निर्णय कळवू."
बाहेर पायरीवर पाणी प्यायलो दोघी. मी एकतीस वर्षं मोजली, वलयागणिक बोट ठेवून, आणि त्या शेजारी तांब्या घेऊन उभ्या होत्या. पोर गेल्यानंतरची वर्षं होती ती.
"ताई, काय लिवला त्यांनी?"
उलट्या बाजूने दिसत होतं, वाचता नाही आलं. तसंच सांगितलं त्यांना.