मानाचं पान

धुळे, ८ जानेवारी २०२५

प्रिय कुंदन,

अनेक आशीर्वाद. दोन भाऊबिजा गेल्या आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही, याची माफी आधी मागते. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, अशी कारणं रोज वहीत लिहीत आले. वाचताना मलाच ती पटत नाहीत.

इकडे बरं आहे. तुझी भाची भाविका अकरावीत गेली. तिने एक मांजरी पाळलीय. गेल्या आठवड्यात त्या मांजरीचं रक्त तपासलं, तर मांजरांची प्रतिकारशक्ती खाणारा विषाणू निघाला. त्यातच औषध पाजताना ती भाविकाला चावली. जखम धुतली, इंजेक्शन घेतलं. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "पोत्यात घाला नि लांब सोडून या." मी प्राणिशास्त्र शिकवणारी. दोघींना बसवून सांगितलं, पेशीत शिरायला या विषाणूला तिच्या दाराच्या दोन कड्या काढाव्या लागतात. आपल्या पेशीवरची एक त्याच्या ओळखीची असते, पण तिच्या आधीची निघतच नाही. कसाबसा आत गेलाच, तरी आतले पहारेकरी त्याला पुढे जाऊ देत नाहीत.

भाविकाने विचारलं, "आणि मामाचा एचआयव्ही?"

"तो चिंपांझींतून माणसात आला. आपल्या कड्या काढायला शिकला."

"ताटातून येतो?"

"नाही. ताटातून नाही, शेजारी बसून नाही."

"मग मामाला पानावर का वाढलंस?"

"केळीचं पान म्हणजे मान असतो गं."

"पप्पांना कधी दिला नाहीस तो मान."

कुंदन, त्या भाऊबिजेला बाकी सगळ्यांना स्टीलची ताटं होती. रावेरहून पानं तूच आणली होतीस, त्यातलंच एक मी तुझ्यापुढे मांडलं. तू आपल्या माहेरच्या, नरडाण्याच्या बोलीत म्हणालास, "अक्का, मी काय जवाई शे का?" मीही हसले. पान फेकून देता येतं, म्हणून मांडलं होतं. नंतर तुझा काचेचा पेला मागच्या दारी फोडला, आणि वळले तर तू हात धुवायला तिथेच उभा.

भीतीपोटी झालं, असं लिहावंसं वाटतं. पण अजाण माणसाची भीती वेगळी. हा रोग ताटातून पसरत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. जाऊबाई बघत होत्या. त्यांना दिसावं, म्हणून मी ती काळजी घेतली.

काल तुझ्या शीतलचा फोन आला. दिवाळीपासून तू गोळ्या आणायला जळगावला गेलेला नाहीस. ताप उतरत नाही. ती "वन्सं, वन्सं" करत रडत सांगत होती, तू म्हणतोस, "सख्खी बहीन ताट देत नही, मी गोळ्या कोनासाठे खाऊ?"

माझ्यावरचा राग माझ्यावर काढ रे. विषाणू रक्तात वाढतोय, त्याला आपलं भांडण कळत नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा काहीतरी बरं दिसेल असंच बोलेन. मला माफ करायचं की नाही, ते सावकाश ठरव, वर्षं लागली तरी चालतील. गोळ्या मात्र आधी सुरू कर. मागे तू जळगावला सोबत बोलावलं होतंस, तेव्हा रांगेत कोणी विद्यार्थी भेटेल म्हणून मी आले नव्हते. हेही आजच लिहिते आहे.

अजूनही तुझी म्हणवून घेणारी,
हेमलताअक्का

(वहीत) उद्या : पहिल्या एस्टीने रावेर गाठून कुंदनला जळगावला नेणं, आणि गोळ्यांच्या रांगेत त्याच्या शेजारी तोंड न झाकता उभं राहणं.