बॉक्सवुडची रवी

तीर्थरूप आण्णा,

लांबूनच तुमच्या पायावर डोकं ठेवतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितोय. मी इथं इटलीत बरा आहे. जेवण वेळेवर होतं. थंडी लई आहे, पण मालकानं जाड कोट दिलाय.

काम तेच, बागेतली बॉक्सवुडची झुडपं कातरून गोल करायची. आई गेल्याचा गावाकडनं रणधीरदादाचा फोन आला, त्या दिवशीही हातातली रांग पुरी केली. माझे इथं राहायचे कागद अजून झाले न्हाईत, म्हणून निघता आलं न्हाय.

मागं एक जुनं झुडूप काढलं होतं. त्याचं मुठीएवढं जाड खोड मी खोलीत वाळवलं. लाकूड पिवळसर, हाडावानी घट्ट, पाण्यात टाकलं तर बुडतं. पटाशी मारली की कड काचेवानी निघती. तुम्हाला आवडंल.

त्याची आईसाठी रवी करत होतो. तुम्ही अख्ख्या सास्तूरला पाळणे अन् पाट करून दिले, पण आपल्या घरातली रवी एका पाकळीनं तुटकीच राहिली. आईच म्हणायची, आधी गिऱ्हाइकाचं करा, माझं ताक काय थांबत न्हाय.

फोन आला तवा एक पाकळी राहिली होती. ती नंतर केली. हात चालत होते.

रवी सोबत पाठवतोय. तेल लावून ठेवा. गुडघा कसा आहे? दोन्ही वेळा जेवता ना?

आणि घरात आता ताक कोण करतं, तेवढं कळवा.

तुमचाच,
उत्कर्ष