जोडीचा शब्द

प्रिय लेकी,

हे पत्र शेजारच्या पुराच्या भाचीबरोबर पाठवतो आहे. ती मंगळवारी निघते, म्हणजे जोवेलिनच्या परीक्षेआधी तुझ्या हाती पडेल. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन कायम तुझ्या मुलीच्या, जोवेलिनच्याच, हातात असतो आणि हे तिच्यासमोर बोलता येत नाही. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, चुका सांभाळून घे. आणि घाबरू नकोस. तू तिकडून पाठवलेलं खोकं मिळालं. साबण पुराला दिला, चॉकलेटं मुंग्यांनी खाल्ली. गुडघा तसाच आहे.

रिझा गेल्याचं तुला जोवेलिनने सांगितलंच असेल. चर्चमध्ये सगळ्यांच्या वर सूर लावायची ती मुलगी. चार दिवस ताप काय आला, प्लेटलेट काय उतरल्या आणि संपलंच. या दोघी वर्षभर आपल्या फणसाखालच्या बांबूच्या बाकावर बसून सरकारी परीक्षेचं इंग्रजी घोकत होत्या. मी अंगणात होडीचं काम करायचो आणि ऐकायचो. एकीने विचारायचं, खलाशाला जशी होडी तसं वैमानिकाला काय? दुसरीने जोडीचा शब्द सांगायचा. मग वाक्प्रचार. इंग्रजांच्या कपाटात सांगाडे असतात म्हणे, आणि त्याचा अर्थ घरातली लपवलेली लाज. अर्थ जोवेलिनने मला समजावून सांगितला, पण सांगाडा कपाटात ठेवलाच कशाला हे तिलाही सांगता आलं नाही. पुरा कुंपणापलीकडून ओरडायची, "अगं, अभ्यास करताय की लग्नं जमवताय? सारख्या मेल्या जोड्या!" रिझा उत्तर दिलं की बोटांच्या पेरांनी बाकावर दोनदा ठोकायची आणि म्हणायची, "पुढचं!" जोवेलिनपेक्षा तीच हुशार होती. जोवेलिन दोनदा नापास झालेली, रिझा पहिल्यांदाच बसणार होती.

तिला शवपेटीत घरात ठेवलं होतं तेव्हा आम्ही दुपारी शेवटचं भेटायला गेलो. परत येताना सरळ घरी यायचं नसतं, हे तुला मी काय सांगू. तुझ्या आईच्या वेळी सगळं गोत पावाच्या दुकानात जाऊन बसलं होतं. गेलेलं माणूस मागे लागलं असेल तर त्याने तिथेच राहावं, आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊ नये म्हणून. मी जोवेलिनला म्हटलं, चल, एक पाव खाऊ आणि मग जाऊ. ती रडून रडून थकली होती आणि आजोबावर चिडलीही होती. "लोलो, माझा अख्खा धडा राहिलाय. आणि रिझा आली मागे तर बरंच की! मला जोडीदार कुठून मिळणार आता?" हे ती रस्त्यात मोठ्याने बोलली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं. पावाच्या दुकानावरून आम्ही तसेच पुढे आलो.

दुसऱ्या दिवशी ती बाकावर एकटीच बसली. सवयीने मोठ्याने विचारायची, मग थांबायची, मग पुस्तक उलटून उत्तर बघायची. ते थांबणं मला ऐकवत नव्हतं. मी लाकूड तासत होतो. तिने काहीतरी विचारलं, थांबली, आणि माझ्या तोंडून एक शब्द गेला. इंग्रजी. त्याचा अर्थ मला तेव्हाही माहीत नव्हता, आजही नाही. जोवेलिनने पुस्तकात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या हाताने होडीच्या फळीवर दोनदा ठोकलं आणि मी म्हणालो, "पुढचं!" तो आवाज माझा नव्हता गं. इतक्या वरच्या पट्टीत मी तरुणपणीही बोललो नाही.

मला वाटलं, पोरगी किंचाळत पळेल. ती पांढरी पडली हे खरं. पण तिने पुस्तकाचं पान उलटलं आणि पुढचं विचारलं.

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. जेवण झालं की ती मला हाताला धरून बाकावर नेते, रिझाच्या जागेवर बसवते. रिझाचं नाव घेत नाही, मीही घेत नाही. मी डोळे मिटतो आणि शब्द येत राहतात, घशातून वर, थंड, तळ्यातलं पाणी गिळल्यासारखे. ती चुकली तर मी हसतो, आणि ते हसणंही रिझाचंच. क्लासच्या सराव परीक्षेत ती पहिली आली. सरांनी विचारलं, "अचानक काय झालं गं तुला?" ती म्हणाली, "लोलो मदत करतो." सगळा वर्ग हसला म्हणे. तिने मला हे सांगितलं तेव्हा तीही हसत होती. फार दिवसांनी.

मी काही केलं नाही असं समजू नकोस. फादरकडून पवित्र पाणी आणलं, कपाळाला लावलं. काही झालं नाही. जी मुलगी दर रविवारी त्याच पाण्यात बोटं बुडवून गायला उभी राहायची, तिला त्याची भीती कसली? पावाच्या दुकानात जाऊन बसायचंही ठरवलं. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मनात आलं, मी इथे हिला झटकलं आणि ही दुकानात राहिलीच नाही तर? सरळ जिने बोलावलं तिच्याकडे गेली तर? मी म्हातारा आहे, माझ्यावर असलेली बरी.

कारण फुकट काही येत नाही. परवा पुराने विचारलं, "मानोंग दादा, तुझा तो वाकस देतोस का जरा? नारळाचं खोड तासायचंय." वाकस म्हणजे काय, ते मला कळेना. पन्नास वर्षं हातात धरलेलं हत्यार माझ्या पायाशी पडलं होतं, आणि तोंडातून निघालं ते त्याचं इंग्रजी नाव. पुरा म्हणाली, "म्हातारपणी वकील होतोय बघा हा!" मग तिने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "जाऊ दे, वय झालं आपलं." वय असतं तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पाटीतल्या माशाचं नाव गेलं. मग ज्या संताच्या जत्रेत तुझी आई भेटली, त्याचं. एक इंग्रजी शब्द येतो तेव्हा माझा एक उठून जागा करून देतो. कुठला जाणार ते मला निवडता येत नाही.

जोवेलिनला हे माहीत नाही. कळलं तर ती विचारायचं बंद करेल आणि तिसऱ्यांदा नापास होईल. पास झाली तर नगरपालिकेतली जागा पक्की, आणि तू म्हणाली होतीस की ती जागा मिळाली की दुसऱ्यांची मुलं सांभाळणं सोडून मी घरी येते. तेव्हा रविवारपर्यंत मी हे चालू देणार आहे. रविवारी तिच्याबरोबर शहरात जाईन, फाटकाबाहेर बसेन. पेपर सुटला की तिला घेऊन तिथल्याच एखाद्या पावाच्या दुकानात जाईन. तीन पाव मागवीन. दोन आम्ही खाऊ, एक टेबलावर ठेवू आणि रिझाला सांगू, बाळ, तुझी परीक्षा झाली, आता इथेच थांब. जोवेलिनने म्हटलं पाहिजे, तिनेच बोलावलं होतं. ती म्हणेल, असं मला वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल सकाळी तुझं नाव गेलं. चेहरा आहे, तुझी लहानपणची खोड आहे, दात पडला तेव्हा तो छपरावर फेकताना तू पडलीस तेही आहे. नाव नाही. तुझ्या खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव आहे, ते मी अक्षर अक्षर लावून वाचलं, पण मान वळवली की ते पुसतं. म्हणून वर नुसतं लेकी लिहिलं आहे. जोवेलिनला विचारता येत नाही, पुराला विचारायची लाज वाटते. तर रविवारी संध्याकाळी फोन कर. जोवेलिन फोन माझ्या कानाला लावेल. पेपर कसा गेला, जेवलात का, काही विचारू नकोस, आधी तुझं नाव सांग. मी तेच नाव तुला परत म्हणालो तर समज की मी सुटलो, आणि तिकिटाचं बघायला लाग. पण तुझं नाव ऐकून मी त्याच्या जोडीचा कुठला तरी शब्द सांगितला, आणि तुला दोनदा ठोकल्याचा आवाज आला, तर पुढचं काही बोलू नकोस. फोन ठेव, आणि निकालाची वाट न बघता ये.

तुझाच, अजून तरी,
ताताय