निरोगी पेशींचा तपकिरी रंग

मंगळवार, संध्याकाळ

आज लॅबमध्ये डॉक्टरबाईंना चक्क ‘नाही’ म्हणाले. निरोगी वृषणाच्या स्लाइडवर पेशी गडद तपकिरी दिसल्या, म्हणजे त्यांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला पकडणारे रिसेप्टर आहेत. बाई म्हणाल्या, “पुरुषाच्या निरोगी पेशीत इतके? तुमचं रंगवणं चुकलंय, फेका.” मी फेकली नाही. मीच चुकले असले तर? त्याच तुकड्याची नवी स्लाइड कॅन्सरच्या स्लाइडशेजारी रंगवली. निरोगी पुन्हा तपकिरी, कॅन्सरची फिकट! रंगवणं चुकलं असतं तर दोन्ही तपकिरी झाल्या असत्या. बाई बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठल्याच नाहीत. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सुजाताताई, तुमचं बरोबर होतं. मीच घाई केली.”

घरी आईला सगळं सांगितलं, वृषण शब्दासकट. ती आत्ता फोनवर मावशीला तोच शब्द ठणकावून सांगतेय.